पायी घरी जाणाऱ्याचा हक्क

वैशाखात कारखान्यांची पहिली पाळी सुटते तेव्हा भोसरी-आकुर्डीच्या उद्योगपट्ट्यातले रस्ते अजून तापलेलेच असतात. त्याच वेळी कडेच्या करंजाखाली फिकट जांभळ्या फुलांचा सडा पडलेला असतो आणि वरची पाने इतकी कोवळी असतात की ऊन त्यांतून हिरवे होऊन उतरते. पाऊस लांब असतानाही करंज, कडुनिंब, पिंपळ जमिनीत खोल असलेल्या ओलीवर नवी पालवी धरतात. म्हणजे सावलीची गरज सर्वांत जास्त, तेव्हाच ती देतात. दुचाकीवरून जाणाऱ्याला यातले काहीच धड दिसत नाही, चालणाऱ्याला दिसते. निसर्गाचा आनंद म्हणजे लोणावळ्याची सहल, असे आपण धरून चालतो. तो रोजच्या घरच्या वाटेवरही असतो आणि त्यावर पहिला हक्क पायी चालणाऱ्याचा आहे.

यावर कोणी म्हणेल, इथली बहुतेक माणसे हौसेने चालत नाहीत, रिक्षाचे पैसे वाचवायला चालतात. दिवसभर मशीनपुढे उभ्या राहिलेल्याला फुले पाहायला सांगणे हा पोट भरलेल्याचा उपदेश झाला. यातला अर्धा भाग खरा आहे. पाय भाजत असताना कोणालाही फुले दिसत नाहीत. पण कष्टकऱ्याला पगार आणि झोप यांपलीकडे काही नको असते, हे गृहीत धरणे त्याचा अपमान आहे. दुष्काळाने होरपळलेले, दुकान बुडालेले तुकोबा चाकणजवळच्या भामचंद्र डोंगरावर, इंदोरीजवळच्या भंडारा डोंगरावर एकांताला जात, आणि त्यांच्या अभंगांत झाडे-पाखरे घरच्या माणसांसारखी येतात. ज्येष्ठात त्यांच्या पालखीबरोबर देहूहून आकुर्डीमार्गे चालणारे बहुतेक शेतकरी-कष्टकरीच असतात. आनंद घेण्याची ताकद त्यांच्यात आहेच. सावली राखणे हे बाकीच्यांचे काम आहे.

दुसरा आक्षेप विकासाचा. चाकणची वाहतूक कोंडी सगळेच भोगतात, रस्ते रुंद व्हायलाच हवेत आणि त्यासाठी झाडे तोडावी लागतात. शिवाय तोडलेल्या झाडाच्या बदल्यात नवे लावण्याची तरतूद १९७५च्या वृक्षसंरक्षण कायद्यात आहेच. पण लांबच्या टेकडीवर लावलेले रोप या वाटेवर सावली धरत नाही, आणि इथेच लावले तरी त्याचे झाड होईपर्यंत एक पिढी उन्हात चालते. कारखाना आणि झाड यांचे वैरही नाही. टेल्को या वाहन कंपनीच्या पिंपरीतल्या कारखान्यात तिचे तेव्हाचे प्रमुख सुमंत मुळगावकर यांनी उजाड माळावर झाडे लावून घेतली, तळे करवले. ती दृष्टी आता कंपन्यांच्या भिंतीबाहेर यायला हवी. मे २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अडथळे नसलेला पदपथ हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. आपल्या उन्हाळ्यात सावलीवाचून तो हक्क अपुरा राहतो. म्हणून रस्त्याचा आराखडा करताना जुने झाड आधी धरावे आणि पदपथ त्याच्याखालून न्यावा. महापालिका, एमआयडीसी आणि कंपन्यांनी यंदाच्या पावसाळ्यात गेटपासून बसथांब्यापर्यंत झाडे लावावीत आणि पुढचे तीन उन्हाळे त्यांना पाणी घालावे. राबणाऱ्या माणसाचे एवढे देणे आपण लागतो.