विम्याचा पैसा कोणाचा?

मोठ्या पापाला माणूस भितो. लहान पापाशी मात्र त्याची सोयरीक असते. मोटारीच्या किरकोळ धडकेनंतर विमा कंपनीपुढे जो हिशेब मांडला जातो, त्यात या लहान पापाला पुष्कळ जागा मिळते. म्हणून विषय व्यवहाराचा दिसला तरी आम्ही तो धर्माचाच मानतो.

आपल्या वऱ्हाडात रस्ते आता सुधारले. अमरावती-अकोला मार्गावर, राष्ट्रीय महामार्ग 53 वर, जून 2022 मध्ये 75 किलोमीटरचा डांबरी थर 105 तास 33 मिनिटांत घातला गेला व जागतिक विक्रम म्हणून त्याची नोंद झाली. रस्ता गुळगुळीत झाला की वेग आला, वेगामागून धडक आली, आणि धडकेमागून घासाघीस.

मागे एकदा कीर्तन आटोपून आम्ही अकोल्याकडे निघालो असता मूर्तिजापूरजवळ एका मोटारीने आमच्या यजमानांच्या गाडीला मागून धडक दिली. माणसे सुखरूप राहिली. डिकीचा पत्रा तेवढा चेपला. दुसऱ्या दिवशी गॅरेजातला मेस्त्री म्हणाला, "महाराज, दाराची जुनी चेपबी यातच धरून टाकतो. पैसा कंपनीचा, तुमचं काय जाते?" यजमानांनी आमच्याकडे पाहिले.

पूर्वपक्ष असा, की कंपनी गब्बर आहे. वर्षानुवर्षे हप्ते भरले. त्यातले चार पैसे परत घेतले तर बिघडले काय?

याचे उत्तर आपल्या दिंडीतच आहे. दिंडीत आपण भिशी भरतो. वाटेत दोन दिवस लंघन घडले म्हणून कोणी उरलेला शिधा गाठोड्यात बांधून घरी नेतो काय? नाही. भिशी सगळ्यांच्या पंक्तीसाठी असते. विम्याचा हप्ताही तसाच. ती ठेव नव्हे; संकटाच्या वेळी आधार मिळेल, या निर्धास्तपणाचे ते मोल आहे. ज्या वर्षी धडक झाली नाही, त्या वर्षीचा निर्धास्तपणा आपण भोगलाच. आणि ते पैसे ज्याची गाडी खरोखर मोडली त्याच्या कामी आले.

धर्मशास्त्राने व्यवहाराची अठरा पदे सांगितली आहेत. अनेकांनी मिळून केलेला उद्योग ते 'संभूयसमुत्थान', आणि जे आपले नाही ते विकणे तो 'अस्वामिविक्रय'. विमा पहिल्यात मोडतो. खोटी चेप दाखविणारा दुसऱ्याच्या वाटेला लागतो. आजचा कायदाही विम्याला परम विश्वासाचा करार मानतो. यजमानांनी खऱ्या चेपेचाच अर्ज केला. दार तसेच राहिले.

कोणी म्हणेल, "कंपनीसुद्धा खरा दावा कापते, त्याचे काय?" कापते खरी. प्लास्टिक-रबराच्या भागांची झीज वजा होते, ठराविक रक्कम स्वतःला सोसावी लागते. हे करारातच असते, आधी वाचावे. त्यापलीकडे अन्याय झाला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी. तेथे दाद लागली नाही तर विमा लोकपाल आहे, जिल्हा ग्राहक आयोग आहे. अन्यायाशी भांडावे, पण खरे बोलून भांडावे.

आणखी एक गोष्ट मेस्त्री सांगत नाही. एक वर्ष दावा केला नाही तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसाठीच्या हप्त्यात 20 टक्के, आणि ओळीने पाच वर्षे केला नाही तर 50 टक्के सूट मिळते. लहानशा ओरखड्यासाठी ती घालवण्यापेक्षा पदरचे पैसे देणे पुष्कळदा स्वस्त पडते.

1988 च्या मोटार वाहन कायद्याचे 146 वे कलम पाहा. आपल्या गाडीने दुसऱ्याचे जे नुकसान होईल, त्याचा विमा सक्तीचा. स्वतःच्या पत्र्याचा मात्र ज्याच्या-त्याच्या मर्जीचा. आधी दुसऱ्याची काळजी, मग आपली! तोच कायदा 134 व्या कलमात जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देणे चालकाचे कर्तव्य ठरवतो.

तेव्हा सज्जनहो, धडक झाली तर पळू नये, आवाज चढवू नये. आधी माणूस पाहावा, मग पत्रा. कंपनीला लगेच कळवावे, पाहणी होईपर्यंत दुरुस्तीला हात लावू नये, आणि घडले तेवढेच लिहावे. पत्र्याची चेप मेस्त्री ठोकून सरळ करतो. सहीच्या वेळी मनाला जी पडते, ती ठोकणारा मेस्त्री कोणत्याच गॅरेजात नाही.

रामकृष्णहरि.