सम म्हणजे बाजू नसणं?

आजचा श्लोक गीतेच्या बाराव्या अध्यायातला, अठरावा. शत्रू असो की मित्र, मान मिळो की अपमान, जो सम राहतो तो भक्त भगवंताला प्रिय.

वाचायला सोपं. पण ५ ऑक्टोबर २०१९ ची संध्याकाळ घ्या. वरळीच्या एनएससीआय डोममध्ये एनबीएचा बास्केटबॉल सामना, सॅक्रामेंटो किंग्ज विरुद्ध इंडियाना पेसर्स. किंग्जचे मालक विवेक रणदिवे जन्माने मुंबईकर, म्हणजे किंग्ज जवळजवळ घरचेच! आणि समजा, तुम्ही भिवंडीहून पेसर्सची जर्सी घालून गेलाय, आजूबाजूला सगळे किंग्जवाले. पेसर्स १३०-१०६ ने जिंकतात. ओरडायचं की गप्प बसायचं?

ओरडा की! बाजूच नको, असं गीता कुठे म्हणते? अर्जुनालाही बाजू होतीच. फक्त शेजारच्या खुर्चीतला हिरमुसलेला पोरगा तुम्हाला दिसतो का, एवढंच बघा.

आपल्या भिवंडीला हे फार महागात शिकावं लागलं. १९७० आणि १९८४ च्या दंगलींबद्दल घरातल्या मोठ्यांना विचारा. पुढे पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या, दोन्ही समाजांची माणसं समोरासमोर बसून बोलू लागली. त्यासाठी कुणाला आपला देव सोडावा लागला नाही. १९९२-९३ मध्ये मुंबई पेटली, भिवंडी शांत राहिली.

आज हा श्लोक म्हणताना एक चेहरा डोळ्यांसमोर आणा, ज्याच्या हरण्याने तुम्हाला बरं वाटतं. त्याच्यासाठी एकदा नाम घ्या, मग पुढचा श्लोक.