ऐकणं आणि मानणं

मराठीत ‘ऐकणं’ या क्रियापदावर आपण भलतंच ओझं टाकून ठेवलंय. ‘गाणं ऐक’ म्हणजे कान दे. ‘माझं ऐक’ म्हणजे मी सांगते तसं कर. ‘ऐकून घे’ म्हणजे उलट बोलू नकोस, सहन कर. आणि ‘ऐकवणं’ म्हणजे तर सरळ टोमणे मारणं. ‘पोरगा अजिबात ऐकत नाही’ अशी तक्रार करणाऱ्या आईला त्याच्या कानांबद्दल शंका नसते. त्याने शब्द न् शब्द ऐकलेला असतो. फक्त मानलेला नसतो.

ऐकणं आणि मानणं यांतला फरक मला पायांनी शिकवला. पंचावन्नाव्या वर्षी मी अर्जेंटाइन टँगो शिकायला लागले. त्याआधी तीस वर्षं मी बॉलरूम करत होते. दिवसा मुंबईत बँकेची नोकरी, संध्याकाळी वॉल्ट्झ, फॉक्सट्रॉट, क्विकस्टेप. आता आईसाठी रत्नागिरीत राहते आणि महिन्यातून एखादा शनिवार-रविवार कोकण रेल्वेने मुंबई गाठते. क्लासमध्ये माझ्या निम्म्या वयाची मुलं असतात. गुडघे कुरकुरतात. या वयात मी काही तरबेज होणार नाही, हे मला आणि शिक्षकांना दोघांनाही माहीत आहे, त्यामुळे आम्ही निवांत असतो.

बॉलरूममध्येही टँगो असतो. स्लो, स्लो, क्विक-क्विक, स्लो. धड ताठ, मान डावीकडे, पावलं धारदार. मूळ टँगो मात्र एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्वेनोस आइरेस आणि माँटेव्हिडिओ या बंदरांच्या शहरांत, गरीब वस्त्यांमध्ये जन्मला. इटलीहून, स्पेनहून पोटासाठी आलेली माणसं, आफ्रिकी गुलामांचे वंशज, गावाकडून आलेले मजूर, अशांनी तो घडवला. पुरुष जास्त आणि बायका कमी, म्हणून पुरुष पुरुषांबरोबरच सराव करायचे. 1913च्या सुमारास पॅरिस आणि लंडन या नाचाने वेडं झालं. पुढे 1920च्या दशकात इंग्लंडमधल्या नृत्यशिक्षकांनी बॉलरूमच्या नाचांना शिस्तीत बसवलं, त्यात टँगोही बसला. एकाच नावाचे दोन चुलतभाऊ तयार झाले. 2009मध्ये युनेस्कोने सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतला तो घरी राहिलेला भाऊ, अर्जेंटिना आणि उरुग्वे अशा दोघांच्या नावावर.

बॉलरूमला मी कमी लेखणार नाही. त्यात नियम मानावे लागतात आणि मानण्याचंही एक सुख असतं. दोघांनाही आकृत्या पाठ असल्या की संपूर्ण अनोळखी माणसाबरोबर पहिल्याच मिनिटाला सफाईने नाचता येतं. एक जण नेतो, दुसरी बहुतेक वेळ मागे पावलं टाकत जाते. तीस वर्षांत माझं शरीर त्यात इतकं मुरलं की नेणाऱ्याचा खांदा हलताच पुढची चार पावलं मला ठाऊक असायची. बॉलरूमच्या भाषेत मी अगदी ‘ऐकणारी’ होते.

अर्जेंटाइन टँगोत हीच हुशारी आड येते. तिथे पावलांचा ठरलेला क्रम नसतो. छातीला छाती टेकलेली असते आणि त्या पकडीला स्पॅनिशमध्ये ‘आब्रासो’ म्हणतात, म्हणजे मिठी. नेणाऱ्याने वजन थोडं पुढे आणलं तर तो प्रस्ताव झाला. पाऊल कुठे आणि किती सावकाश पडणार, हे माझ्याकडे. त्यानंतर तो मी जिथे पोचले तिथून पुढे निघतो. ‘पारादा’ नावाची एक हालचाल आहे. नेणारा आपलं पाऊल माझ्या पावलापाशी आडवं ठेवतो आणि थांबतो. आता मी ते ओलांडायचं, पण केव्हा, ते मी ठरवायचं. हवं तर पायाने जमिनीवर एक नक्षी काढायची, मग जायचं. तोवर त्याने थांबायचं. पुढची चार पावलं आधीच ठाऊक असणाऱ्या बाईला इथे काही ऐकूच येत नाही, कारण तिने उत्तर आधीच देऊन टाकलेलं असतं.

तुम्ही म्हणाल, शेवटी नेतो तोच ना? प्रस्ताव, मिठी वगैरे गोड शब्द वापरले म्हणून सत्ता बदलते का? प्रश्न रास्त आहे. टँगोच्या जगात पुरुषी मिजास भरपूर आहे. नाचायला बोलावण्याची तिथली जुनी रीत म्हणजे ‘काबेसेओ’, लांबूनच नजर आणि मानेचा होकार. नको असेल तर नजर वळवायची, कुणाचीच चारचौघांत शोभा होत नाही. पण कित्येक बायका त्या नजरेची वाट बघत रात्रभर खुर्चीत बसतात, हेही खरं.

म्हणून मी नेणं शिकायला घेतलं. नेणाऱ्याला सगळ्यात आधी हे कळावं लागतं की समोरच्या माणसाचं वजन आत्ता कोणत्या पायावर आहे. ते न कळता पाऊल टाकलं तर दोघं अडखळतात. तेव्हा मला एक कसोटी सापडली. समोरच्याच्या उत्तराने माझा बेत बदलू शकत असेल तर मी ऐकते आहे. बदलूच शकत नसेल, तर माझा आवाज कितीही मऊ असला तरी तो हुकूमच आहे. कोण पुढे चालतं, यावरून ते ठरत नाही.

आणि ऐकणं म्हणजे मान्य करणंही नव्हे. हे आम्हा रत्नागिरीकरांना खरं तर नव्याने शिकायला नको. आमच्या जाखडीत गाणारे-वाजवणारे मध्ये बसतात आणि पायात घुंगरू बांधलेले नाचे भोवती गोल फिरतात. त्यांच्या पायांनी ढोलकी मानायचीच असते. त्यात लोकशाही नाही आणि असूही नये. पण शक्तीवाले आणि तुरेवाले समोरासमोर आले की शाहीर गाण्यातून सवाल टाकतो आणि पलीकडच्याला गाण्यातूनच जबाब द्यावा लागतो. प्रतिस्पर्ध्याचा शब्द न् शब्द ऐकल्याशिवाय त्याला खोडता येत नाही. पाय मानतात, कान ऐकतात, दोन्ही एकाच मांडावर. ही कला टिकवली तीही चाकरमान्यांनी, गाव आणि मुंबई यांच्यात ये-जा करता करता. टँगो घडवणाऱ्यांचं आणि यांचं चांगलं जमलं असतं.

आता घरातली गोष्ट. आई 84 वर्षांची आहे. रोज सकाळी तिला अंगणातल्या तुळशीपाशी जायचं असतं. मध्ये जांभ्याच्या चार पायऱ्या आहेत आणि पावसाळ्यात त्यांवर शेवाळ धरतं. ती म्हणते, एकटी जाईन. मी म्हणते, नाही. इथे मी तिचं मानत नाही आणि मानणारही नाही. पण एका सकाळी मी दंड धरायला हात पुढे केला तेव्हा ती म्हणाली, “तू मला धरू नकोस गो. मी तुला धरते.” आता मी एक पायरी खाली उभी राहते, ती माझा खांदा पकडते आणि तिचं वजन कोणत्या पायावर आहे ते मला खांद्यातून कळतं. ती पाऊल उचलते तेव्हा मी सरकते. कधी ती दुसऱ्या पायरीवर थांबून जास्वंदीच्या कळ्या मोजते. मग मीही थांबते.

एकटी जाण्याचा तिचा हट्ट मी पुरवला नाही आणि दंड धरण्याचा माझा बेत तिने मोडला. दोघींचंही ‘नाही’ दोघींनी ऐकलं. त्यातून जी रीत निघाली ती आधी दोघींपैकी कुणाच्याच डोक्यात नव्हती.

मोठा प्रश्न अजून बाकी आहे. भावाला वाटतं, आईने त्याच्या मुंबईच्या फ्लॅटमध्ये यावं. लिफ्ट आहे, दवाखाना जवळ आहे, आणि त्याची काळजी खरी आहे. कदाचित कधी तरी तिला जावंही लागेल. दर रविवारी त्याचा फोन येतो. “तू तरी समजाव तिला, ती ऐकतच नाही.”

मी त्याला सांगते, तिने ऐकलंय. ती नाही म्हणतेय.