नावाची गवाही

निवडणूक आली की आमच्या मोहल्ल्यात एकच प्रश्न फिरतो : मत कोणाला द्यायचे? यादीत आपले नाव आहे का, हा प्रश्न मात्र मतदानाच्या सकाळी केंद्राबाहेर उभे राहिल्यावर सुचतो. तोवर वेळ निघून गेलेली असते.

२० नोव्हेंबर २०२४ रोजी विधानसभेचे मतदान झाले. भंडारा जिल्ह्यात तुमसर, भंडारा आणि साकोली असे तीन मतदारसंघ. त्या दिवशी आमची थोरली आपा ओळखपत्र घेऊन केंद्रावर गेली आणि तशीच परत आली. कार्ड खरे, फोटो तिचाच. पण यादीत नाव नव्हते. लग्नानंतर माहेरच्या यादीतून ते निघाले आणि सासरच्या यादीत कधी चढलेच नाही. मत यादीतल्या नावाला असते, कार्ड फक्त ओळख पटवते, हे तिला कोणी सांगितले नव्हते. आम्हीही नाही. संध्याकाळी ती एवढेच म्हणाली, "नाव नाही म्हणजे मी कुठलीच नाही का?"

त्याच संध्याकाळी नागपूरला कामाला असलेला धाकटा भाऊ घरी आला होता. बोटावर शाई. त्याचे नाव तिथेही आहे आणि आमच्या गावातही. इथले काढून का टाकत नाहीस, असे आम्ही विचारले. "भाईजान, मत तर एकच देतो. नाव राहिले तर कोणाचे काय बिघडते? उद्या तिथे कोणी परका म्हटले, तर इथे पुरावा राहील."

भावाच्या बोलण्यातली भीती खोटी नाही. ती आम्हीही ओळखतो. पण कायदा स्पष्ट आहे. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याप्रमाणे वयाची १८ वर्षे पूर्ण झालेला नागरिक जिथे सामान्यपणे राहतो, तिथल्याच यादीत नाव नोंदवू शकतो, आणि तेही एकदाच. गावात घर आहे एवढ्याने कोणी तिथला रहिवासी ठरत नाही. आणि काही दिवस बाहेर गेल्याने रहिवास तुटतही नाही. नवीन नावासाठी नमुना ६, नाव वगळण्यासाठी नमुना ७, दुरुस्ती आणि पत्ता बदलण्यासाठी नमुना ८. उमेदवारी अर्जांची मुदत संपली की त्या निवडणुकीपुरती यादी बंद होते. जाणूनबुजून खोटे निवेदन दिले तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

ही यादी आमच्या बुजुर्गांना सहज मिळाली नव्हती. १९४७ पूर्वी मुसलमानांचे मतदारसंघ वेगळे होते. पण मत होते मालमत्ता, कर किंवा शिक्षण असलेल्यांना. विडी वळणारा, हातमागावर बसणारा बहुतेक बाहेरच. घटनेच्या ३२६ व्या कलमाने तो आत आला. तरी १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत देशभरातल्या सुमारे २८ लाख बायांची नावे गळली, कारण त्यांनी आपले नाव न सांगता 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' असे सांगितले होते. आमची आपा त्यांच्याच रांगेतली. १९५४ मध्ये भंडाऱ्याच्या लोकसभा पोटनिवडणुकीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले आणि हरले. ज्या घटनेच्या घडणीत त्यांनी आयुष्य ओतले, तिनेच त्यांना नाकारण्याचा हक्कही साध्या शेतमजुराला दिला होता. एका नावाची किंमत एवढी.

आमचे उलेमा मताला गवाही म्हणत आले आहेत. मुफ्ती मुहम्मद शफी यांनी मताला शहादत, शिफारस आणि वकालत, तिन्ही मानले. सूरह निसामध्ये न्यायासाठी साक्ष द्यायला सांगितले आहे, मग ती स्वतःच्या किंवा आईबापांच्या विरुद्ध का जाईना. आम्ही ही शिकवण उमेदवार निवडण्यापुरती वापरतो. पण साक्षीदार कुठे उभा आहे, हेच खोटे असेल तर साक्षीचे काय?

इथे आम्हालाही कबुली द्यावी लागते. अब्बा जाऊन सहा वर्षे झाली होती, तरी त्यांचे नाव यादीत होते. दर निवडणुकीला ते वाचून बरे वाटायचे, जणू घरात कोणी आहे. काढायला हात धजला नाही. पण मेलेल्या माणसाच्या नावावर कोणीही खोटी गवाही देऊ शकतो. ज्या नावाला अब्बांनी आयुष्यभर डाग लागू दिला नाही, ते आम्ही मायेपोटी उघड्यावर ठेवले होते.

नाव गळले की आम्ही अन्याय म्हणतो, आणि तो अन्यायच असतो. त्याचा जाब यंत्रणेला विचारलाच पाहिजे. जास्तीचे नाव राहिले की मात्र आम्ही त्याला सोय म्हणतो. २०२५ मध्ये बिहारच्या फेरतपासणीत मसुदा यादीतून सुमारे ६५ लाख नावे बाहेर राहिली. मृत, स्थलांतरित, दुबार अशी कारणे आयोगाने दिली. ती नावे कारणांसह जाहीर करा, असे सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले. अशा चाळणीत दुबार नाववाला भाऊ निभावतो, त्याचे दुसरीकडे नाव असते. अडकते ती आपा, जिच्याकडे सांगायला कागद नसतो. म्हणजे भावाची सोय शेवटी बहिणीच्या अंगावर येते. जो स्वतःचे जास्तीचे नाव सोडत नाही, त्याला बहिणीच्या गळलेल्या नावासाठी कोणत्या तोंडाने भांडता येईल?

अब्बांचे नाव आम्ही काढले. आपाचा नमुना ६ भरून दिला. आता सासरच्या यादीत तिचे नाव आहे, तिच्या स्वतःच्या नावाने. भावासाठी आणलेला नमुना ७ अजून ताकात कोराच आहे. आम्ही जबरदस्ती केलेली नाही. गवाही ज्याची, सही त्याचीच हवी.