मागीलदार

दिवाळी अंकात, फराळाचे ताट शेजारी असताना, संडासाचा विषय काढणे रीतीला धरून नाही, हे मला कळते. पण दिवाळीपूर्वी आपण घराचा कोनाकोपरा झाडतो. मग याच कोपऱ्याने काय पाप केले?

माझ्या लहानपणी आमच्याकडे टोपलीचा संडास होता. सकाळी एक बाई मागच्या बोळातून येई आणि टोपली डोक्यावर घेऊन जाई. ती यायच्या वेळी आजी मला मागीलदार लावून घ्यायला सांगे. त्या बाईचे नाव घरात कोणी कधी विचारले नाही. मीही नाही.

पुढे मी घर बांधायला काढले तेव्हा गवंडी म्हणाला, "गुरुजी, चांगली मोठी टाकी बांधू. वीस वर्षे बघायला नको." ते 'बघायला नको' ऐकले आणि मला ते लावलेले दार आठवले. टाकीत साचलेले कधीतरी कोणाला तरी उपसावेच लागते. संरक्षक साधनांशिवाय माणसाला अशा टाकीत उतरवण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. तरी आत गुदमरून माणसे मेल्याच्या बातम्या आपण वाचतोच. माझी निश्चिंती दुसऱ्याच्या जिवावर उभी असेल, तर तिला सोय म्हणावे काय?

कोकणगांधी अप्पासाहेब पटवर्धनांनी १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम करू द्यावे म्हणून उपवास केला होता. पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमात त्यांनी मैल्याचे खत करणारे संडास बसवले. काम वाटून घेतले एवढ्यावर ते थांबले नाहीत. त्या कामातली विटंबनाच नाहीशी व्हावी, अशी रचना त्यांनी शोधली.

मी दोन खड्ड्यांचा संडास बांधला, विहिरीपासून चांगला लांब. खड्ड्यांच्या भिंतींना भोके ठेवायची, म्हणजे पाणी जमिनीत मुरते. एक भरला की तो बंद करून दुसरा चालू करायचा. बंद खड्ड्यातल्या मैल्याची कालांतराने माती होते. भांड्याला उतार जास्त, त्यामुळे दीड-दोन लिटर पाणी पुरते. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये विहीर तळ गाठते, तेव्हा ही बचत थोडी नव्हे.

आईने नकाशा पाहिला आणि एवढेच म्हणाली, "दार बाहेर उघडेल असे कर. मी आत पडले तर दार अडेल, मग मला काढशील कसा?" मला हे सुचले नव्हते. आम्ही दार बाहेर उघडते केले आणि तिच्या गुडघ्यांसाठी भिंतीत एक दांडी बसवली.

पहिला खड्डा चार वर्षांत भरला. दोन वर्षे तो बंद ठेवला आणि यंदाच्या उन्हाळ्यात उघडायचे ठरले. खरे सांगतो, इतके सारे बोलून झाल्यावरही माझ्या तोंडून निघाले, "एखादा गडी बोलवावा का?"

आई म्हणाली, "माती झाली असेल तर तुला भीती कसली? आणि माती झाली नसेल, तर ती त्याच्याकडून का काढवून घेतोस?"

याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. मी फावडे घेतले. आत खरोखरच काळी, भुसभुशीत माती होती. घाण अशी कुठेच नव्हती. ती मी दोन माडांच्या आळ्यांत घातली. आई सारा वेळ उंबऱ्यावर बसून पाहत होती. मागीलदार उघडेच होते.