हृदयाची साक्ष

मृत्यूनंतर जीवाच्या कर्मांची रुजुवात होते, ही श्रद्धा अनेक समाजांत आढळते. आपल्याकडे चित्रगुप्ताच्या दफ्तरात पापपुण्याचा जमाखर्च असतो. पारशी धर्मग्रंथांतील चिन्वत् पूल पुण्यवंताला प्रशस्त, तर पापी मनुष्याला खड्गधारेसारखा अरुंद होतो. परंतु प्राचीन मिसर देशातील कल्पना मला सर्वांत हृद्य वाटते. प्रेत टिकविताना मेंदू काढून टाकणारे ते लोक हृदय मात्र देहातच जतन करीत, कारण ओसिरिस देवाच्या न्यायसभेत सत्यदेवता मात हिच्या पिसाशी तेच तोलले जावयाचे होते. आपण कोणास उपाशी ठेवले नाही, कोणास रडविले नाही, तराजूत लबाडी केली नाही, असे निवेदन मृताने तेथे ४२ देवतांसमोर करावयाचे. थोथ देव निकाल नोंदवून घेई, आणि अपराधी ठरलेले हृदय अम्मित नावाची राक्षसी गिळून टाकी. आणि त्या दरबारात मनुष्याला धास्ती वाटे ती स्वतःच्याच हृदयाची! म्हणूनच ममीच्या छातीवर हिरवट दगडाचा भुंगा ठेवून, हृदयाने आपल्याविरुद्ध साक्ष देऊ नये, अशी विनवणी त्याच्या पोटाकडील बाजूस कोरीत. मला ही विनवणी फार करुण वाटते. आपले अंतःकरण आपल्याविषयी काय सांगेल, ही शंका त्या माणसांनी लपविली नाही.

इसवी सनापूर्वी सुमारे १२५० मधील, अनी नामक लेखनिकाच्या पपायरसावर हा प्रसंग रंगविलेला असून तो पपायरस लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. चित्रात अनी पत्नीसह वाकून उभा आहे, आणि पारडी समतोल आहेत.