‘बापा’ म्हणताना



आज पवित्र त्रैक्याचा सण. आजच्या दिवशी प्रवचन करताना आम्हा धर्मगुरूंची थोडी त्रेधा उडतेच. एक परमेश्वर आणि तीन व्यक्ती हे समजावताना कोणी पाण्याचे उदाहरण देतो, कोणी सूर्याचे, आणि उदाहरण संपेपर्यंत ते कुठेतरी लंगडे पडते. म्हणून आज मी उदाहरण देणार नाही. क्रूसाची खूण करताना आपण जो शब्द पहिल्याने उच्चारतो, त्या एकाच शब्दाविषयी बोलणार आहे: ‘पिता’.

काही वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका धर्मग्रामात असताना, एक मध्यमवयीन बहीण मला भेटायला आली. (हे पापनिवेदनातले नव्हे; तिची परवानगी घेऊन, ओळख न देता सांगत आहे.) ती म्हणाली, “फादर, मी दर रविवारी मिस्साला येते. सगळ्या प्रार्थना म्हणते. पण ‘आमच्या बापा’ सुरू झाली की माझे ओठ मिटतात. बाप म्हटले की मला दारूचा वास येतो आणि आईचे रडणे ऐकू येते.”

मी सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकलो होतो. लगेच उत्तर दिले, “अहो, देव तसा बाप नाही. ती केवळ उपमा आहे.” ती शांतपणे म्हणाली, “मग मला दुसरा शब्द द्या.” माझ्याकडे दुसरा शब्द नव्हता. ती उठून गेली. माझे उत्तर बरोबर असूनही तिच्या काहीच कामाचे नव्हते, हे मला रात्री उशिरा कळले.

आपले सारे शब्द घरात आणि अंगणात वाढलेले असतात. विहिरीपेक्षा तळे मोठे, तळ्यापेक्षा समुद्र मोठा. आपला ‘मोठा’ नेहमी कशाच्या तरी तुलनेत मोठा असतो. त्यालाच आपण सापेक्ष म्हणतो. पण ‘परमेश्वर मोठा आहे’ असे म्हणतो तेव्हा कशापेक्षा? तो त्या रांगेतला शेवटचा आणि सर्वांत उंच नाही. तो रांगेतच उभा नाही. जळत्या झुडपापाशी मोशेने नाव विचारले तेव्हा देवाने नाव सांगण्याऐवजी आपले असणेच सांगितले. 1215 सालच्या चौथ्या लॅटरन धर्मपरिषदेनेही हेच शिकवले: निर्माणकर्ता आणि निर्मिती यांच्यात कितीही साम्य दाखवा, फरक त्याहून मोठाच राहतो.

मग बोलूच नये काय? संत थॉमस अक्वायनस यांनी मधली वाट दाखवली. ‘चांगला’ हा शब्द माणसाला आणि देवाला लावताना अर्थ अगदी तोच नसतो. पण अगदी वेगळाही नसतो. आपल्यातला चांगुलपणा हा त्या मूळ चांगुलपणाचा वाटा आहे. इतके लिहिणाऱ्या ह्या संताने 1273 च्या डिसेंबरात, एका मिस्सानंतर, लेखणी खाली ठेवली. आजवरचे लिखाण आपल्याला गवताच्या काडीसारखे वाटते, असे ते म्हणाले. त्यांचा मोठा ग्रंथ अपुराच राहिला. पुढच्या मार्चमध्ये मरणापूर्वी त्यांनी भक्तिभावाने ख्रिस्तशरीर स्वीकारले. शब्द थांबले होते. भेट थांबली नव्हती.

आपल्या भाषेतही हे घडले आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांनी 1616 साली प्रसिद्ध झालेल्या ‘ख्रिस्तपुराणा’त स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ हा इथल्या लोकांच्या तोंडचा शब्द घेतला आणि त्यात ख्रिस्ताचा अर्थ भरला. शब्द भांड्यासारखा असतो. त्यात आधी काय होते ते खरे. पण आता कोण काय भरतो, हेही तितकेच खरे.

‘बाप’ हे भांडे प्रभू येशूने भरले. भाकर मागणाऱ्या मुलाच्या हाती कोणी दगड देत नाही, असे सांगून तो म्हणाला की तुम्ही वाईट असून हे जाणता, तर स्वर्गातील पिता कितीतरी अधिक देईल. ‘कितीतरी अधिक’ ह्या दोन शब्दांत सापेक्षाकडून निरपेक्षाकडे जाणारी पायवाट आहे. घरातल्या बापाच्या चुका येशूने झाकल्या नाहीत. यशया संदेष्ट्यानेही आईची उपमा दिली आणि आईसुद्धा विसरू शकते, हे त्याच श्वासात मान्य केले. देव मात्र विसरणार नाही.

आणि आजच्या सणाचे मर्म इथेच आहे. ‘पिता’ हा नात्याचा शब्द आहे. पुत्राशिवाय पिता नाही. सर्वस्वी निरपेक्ष असलेल्या परमेश्वराच्या अंतरंगातच नाते आहे. त्याला कशाचीही गरज नाही, तरी तो एकाकी नाही. म्हणून ‘पिता’ हा शब्द आपल्या घरातून आकाशाकडे फेकलेला नाही; तो मुळात तिथला आहे आणि आपल्या घरांना उसना मिळालेला आहे.

ती बहीण काही महिन्यांनी पुन्हा भेटली. ह्या वेळी मी एकच प्रश्न विचारला, “तुमचे वडील चुकले, हे तुम्ही कोणत्या मापाने मोजले?” ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “बाप कसा असायला हवा होता, ते मला लहानपणीच ठाऊक होते. कोणी शिकवले, ते माहीत नाही.” आता ती पहिली ओळ गाळून दुसरीपासून म्हणते. मी तिला घाई केली नाही. पिताही करणार नाही.

आपल्यातल्या वडीलमंडळींनो, आपले मूल ‘बाप’ ह्या शब्दाचा अर्थ आधी आपल्याकडे पाहून शिकते, मग धर्मशिक्षणाच्या वर्गात. मलाही लोक रोज ‘फादर’ म्हणतात. तो शब्द माझ्या वागण्याने कोणाच्या ओठावर अडू नये, अशी मी प्रार्थना करतो.

आज ‘आमच्या बापा’ म्हणताना पहिल्या शब्दावर क्षणभर थांबू या. ज्यांना तो उच्चारता येत नाही, त्यांच्या वतीनेही तो म्हणू या.

आपला स्नेहांकित,
प्रमुख धर्मगुरू